निबंधाच्या समासातला प्रश्न : ‘कशावरून?’

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नववीत शिकणारी एक मुलगी शाळेतून आली ती रुसूनच. दप्तर कोपऱ्यात टाकले आणि निबंधाची वही आईपुढे ठेवली. दोन पाने निबंध, अक्षर मोत्यासारखे, एकही खाडाखोड नाही. पण समासात लाल शाईने चार ठिकाणी एकच शब्द लिहिलेला होता, ‘कशावरून?’

‘‘बघ ना आई, शुद्धलेखनाची एक चूक नाही आणि बाईंनी दहापैकी पाच दिलेत!’’

निबंधाचा विषय होता, ‘बालविवाह : एक सामाजिक प्रश्न’. सुरुवात झोकदार होती. आजच्या विज्ञानयुगात बालविवाह ही समाजाला लागलेली कीड आहे, असे पहिलेच वाक्य. मग ही प्रथा दिवसेंदिवस वाढत आहे, ती केवळ अज्ञानामुळे टिकून आहे, तिच्यामुळे मुलीचे सारे आयुष्य उद्ध्वस्त होते आणि समाज जागा झाला तर ती एका दिवसात नष्ट होईल, अशी चार विधाने. लाल शाईतला प्रश्न नेमका या चारांपुढे होता.

आई दहावी पास. तिचे स्वतःचे लग्न सतराव्या वर्षी झालेले. तिने निबंध दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘बाईंनी चुकीचं काय विचारलंय? तू जे लिहिलंस ते खरं आहे असं मलाही वाटतं. पण ते तुला कसं कळलं, हे यात कुठं आहे?’’

मुलीकडे उत्तर नव्हते. कारण ती वाक्ये तिची नव्हतीच. थोडी गाइडमधली होती, थोडी गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणातली.

मत आणि मुद्दा

आपल्याकडे बहुतेक मुले असेच निबंध लिहितात आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नसतो. सुंदर सुरुवात, मध्ये एखादे सुभाषित, शेवटी ‘आपण सर्वांनी प्रतिज्ञा करू या’ अशी हाक, हा साचा त्यांना लहानपणापासून मिळतो. विषय प्रदूषण असो, मोबाईल असो वा बालविवाह, साचा तोच राहतो. मुलगा लिहायला शिकतो, पण विचार करायला शिकतोच असे नाही.

‘बालविवाह वाईट आहे’ हे मत झाले. मत कोणाचेही असू शकते आणि त्याच्या उलट मतही कोणाचे तरी असते. मताला कारण जोडले, कारणाला आधार जोडला आणि तो आधार त्या मतापर्यंत कसा पोचतो हे सांगितले की त्याचा मुद्दा होतो. घराचे छत दिसते, पण ते उभे असते खांबांवर. नुसते छत जमिनीवर ठेवून त्याला घर म्हणता येत नाही.

आधारही एकाच प्रकारचा नसतो. स्वतःचा अनुभव हा एक आधार. त्या मुलीच्या आईची बारावी लग्नामुळे राहून गेली, ही खरी गोष्ट आहे आणि निबंधात तिला जागा असायलाच हवी. पण शेजारीण म्हणू शकते, ‘‘माझंही लग्न सतराव्या वर्षीच झालं, माझं काय वाईट झालं?’’ एका अनुभवाला दुसरा अनुभव उत्तर देतो आणि वाद जागच्या जागी राहतो. म्हणून अनुभवाच्या जोडीला मोजणी लागते.

ही मोजणी उपलब्ध आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी देशभर घरोघरी जाऊन केली जाते. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत, २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २६.८ टक्के होते. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या पाहणीत ते २३.३ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीत महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के होता.

आता या आकड्यांशेजारी मुलीचे वाक्य ठेवून पाहावे. ‘ही प्रथा दिवसेंदिवस वाढत आहे’ हे विधान या दोन पाहण्यांपुढे टिकत नाही. प्रथा कमी होत होती. मात्र महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यातही या वयोगटातल्या दर पाच जणींमागे एकीहून अधिक जणींचे लग्न कायद्याने ठरवलेल्या वयाआधी झाले होते. हे वाक्य ‘कीड’ या शब्दापेक्षा जास्त बोचते आणि त्याला कोणी ‘कशावरून?’ विचारले तर उत्तरही तयार असते.

आधार शोधायला निघाले की असा फायदा होतो. कधी आपले म्हणणे बळकट होते, तर कधी ते चुकीचे होते हे वेळीच कळते.

कारण कोणते, परिणाम कोणता?

चारपैकी दुसरे विधान होते, बालविवाह अज्ञानामुळे होतात. शाळेच्या भाषेत सांगायचे तर शिक्षण नाही म्हणून लवकर लग्न. वाचताना पटते. पण उलटेही असू शकते. लवकर लग्न झाले म्हणून शिक्षण थांबले, असे त्या मुलीच्या आईच्या बाबतीत घडलेच होते. आणि तिसरीही शक्यता आहे. आठवी किंवा दहावीनंतरची शाळा लांब आहे, एस.टी. वेळेवर नाही, म्हणून शाळा सुटते. मुलगी घरी बसते आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे येऊ लागतात. इथे शिक्षण थांबणे आणि लग्न होणे या दोन्हींच्या मागे तिसरेच कारण आहे.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांतली एक दुसरीचे कारण आहे, असे धरून चालणे ही फार जुनी चूक आहे. ती शाळकरी मुलेच करतात असे नाही. मोठमोठे विद्वानही करतात आणि एका विद्यार्थ्याने ती त्यांच्या नजरेस आणून दिल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. योगायोग असा की त्या विद्यार्थ्याच्या लेखनातही बालविवाहाचा विषय होता.

पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा निबंध

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे अध्यापक डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात, एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये तो अमेरिकेला गेला होता. वय अवघे पंचवीस. निबंधाचा विषय होता भारतातील जाती, त्यांची रचना, उगम आणि वाढ. पुढे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जातीचे चटके ज्याने लहानपणापासून सोसले, त्याला या विषयावर संतापाने लिहिण्याचा पूर्ण अधिकार होता. पण निबंध वाचताना लक्षात राहते ती मांडणी.

सुरुवातीला ते आपल्या आधीच्या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या तपासतात. फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले आणि चौथे आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचे नाव पुढे मराठी ज्ञानकोशामुळे घरोघरी गेले. केतकरांनी अमेरिकेतच शिकून जातिसंस्थेच्या इतिहासावर १९०९ मध्ये पुस्तक लिहिले होते. नेसफील्ड यांनी जातीबाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणे हे जातीचे एक लक्षण मानले होते. आंबेडकरांनी दाखवून दिले की इथे परिणामालाच कारण समजले गेले आहे. जात आधीच स्वतःभोवती कुंपण घालून बसते आणि रोटीबंदी त्यातून येते.

केतकरांचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले. मग त्यांची चूकही दाखवली. जातीत जन्मलेल्यालाच जातीत स्थान आणि जातीबाहेर लग्नाला मनाई, ही केतकरांनी दोन स्वतंत्र लक्षणे मानली होती. आंबेडकर म्हणतात की या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जातीबाहेर लग्न बंद केले की बाहेरचा कोणी आत येण्याची वाट आपोआप बंद होते. अशा रीतीने सगळा पसारा बाजूला सारून ते एका मुद्द्यावर येतात. जातीतल्या जातीत लग्न, हेच जातीचे मर्म.

पुढची पायरी याच मुद्द्यातून निघते. जातीतच लग्ने लावायची तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जातीत जवळपास सारख्या संख्येने हवेत. पती किंवा पत्नी मेली की हे गणित बिघडते. मागे राहिलेली स्त्री जातीबाहेर लग्न करील ही भीती, म्हणून सती किंवा सक्तीचे वैधव्य. मागे राहिलेल्या पुरुषाला जाळता येत नाही आणि ब्रह्मचारी ठेवणेही कठीण. त्याला जातीतली उपवर मुलगी द्यावी, तर ती ज्याला मिळायची तो उपाशी राहतो. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून वधू आणायची. म्हणजे बालविवाह. तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या रूढी एकाच कारणाच्या धाग्यात ओवल्या जातात आणि वाचणाऱ्याला प्रत्येक पायरी तपासून पाहता येते.

या निबंधातली आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जात मनूने निर्माण केली, असे म्हणणे आंबेडकरांना सोयीचे होते. टाळ्याही त्यालाच मिळाल्या असत्या. पण त्यांनी ते नाकारले. कोणी एक माणूस, तो कितीही सामर्थ्यवान असो, अख्ख्या समाजावर अशी रचना लादू शकत नाही, जात मनूच्या आधीपासून होती, असे त्यांनी लिहिले. आपल्या बाजूचा पण कच्चा मुद्दा स्वतःच बाजूला काढायला धैर्य लागते. तो तसाच ठेवला तर प्रतिपक्ष नेमका तोच उचलतो आणि त्याच्यासोबत चांगले मुद्देही वाहून जातात.

आणि शेवटी हा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी सांगतो की हे मत आपण विचारांती बनवले आहे, परंतु ते चुकीचे ठरले तर सोडून द्यायलाही आपण तितकेच तयार आहोत.

घरी काय करता येईल?

शाळकरी मुलाकडून कोणी अशा निबंधाची अपेक्षा करणार नाही. पण त्यातली पद्धत नववीच्या वहीतही उतरू शकते. त्यासाठी आईवडिलांनी विद्वान असण्याची गरज नाही. मूल निबंध वाचून दाखवत असेल तेव्हा पुढील चार गोष्टी विचारल्या तरी पुरे.

पहिली, ‘‘तुला नेमकं काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांग.’’ आणि ते वाक्य असे हवे की ज्याच्याशी एखादा समंजस माणूस असहमत होऊ शकेल. ‘बालविवाह वाईट’ याला विरोध करायला कोणी उभे राहणार नाही, म्हणून त्यावर लिहिण्यासारखेही फारसे उरत नाही. ‘मुलीची दहावीनंतरची दोन वर्षे शाळेत गेली तर तिचे लग्न आपोआप पुढे ढकलले जाते’ हे वाक्य मात्र तपासता येते.

दुसरी, ‘‘हे कशावरून?’’ उत्तर अनुभव असेल तर कोणाचा, आकडा असेल तर कोणत्या वर्षाचा आणि कोणी मोजलेला, हे वाक्यातच यावे. ‘तज्ज्ञ म्हणतात’ आणि ‘असे दिसून आले आहे’ हे दोन शब्दप्रयोग दिसले की थांबून विचारावे, कोण तज्ज्ञ? कोणाला दिसले? मोबाईलवर आलेला मजकूर हा आधार नव्हे. तो मूळ कुठून आला हे सापडले तरच तो आधार. आकडा मिळाला नाही तर मुलाने तो मनाने रचू नये, हेही घरातच शिकवायला हवे. आधाराविना असलेले विधान सरळ खोडावे किंवा ‘मला असे वाटते’ म्हणून लिहावे.

तिसरी, ‘‘मग त्यावरून हे कसं सिद्ध होतं?’’ बरीच मुले आकडा देतात आणि पुढच्या वाक्यात निष्कर्षावर उडी मारतात. मधली पायरी गाळलेली असते. कायद्याचेच उदाहरण घ्यावे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण व्हायला हवे. बालविवाह लावणाऱ्यांना, त्यात पालकही आले, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण यावरून बालविवाह बेकायदा आहे एवढेच सिद्ध होते. तो का वाईट, हे वेगळे दाखवावे लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ‘‘जे तुझ्याशी सहमत नाहीत, त्यांचं म्हणणं काय आहे?’’ इथे ‘ते अडाणी आहेत’ हे उत्तर चालणार नाही.

बाकी राहिलेला परिच्छेद

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहायला घेतला. ‘कीड’ गेली, ‘विज्ञानयुग’ गेले. ‘वाढत आहे’च्या जागी पाहणीचे आकडे आले. ‘आयुष्य उद्ध्वस्त होते’ याऐवजी बारावी राहिलेल्या आईची गोष्ट चार ओळींत आली. निबंध दोन पानांवरून दीड पानावर आला, पण प्रत्येक वाक्य आता तिचे होते.

त्याच आठवड्यात मामा घरी आले. मामा-मामी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते ती या जोडीच्या हिशेबाने. त्यांची थोरली मुलगी सोळा वर्षांची, दहावी झालेली. तिला एक स्थळ सांगून आले होते. जेवताना विषय निघाला आणि मुलीने न राहवून सगळे मुद्दे मांडले. आकडे सांगितले, कायदा सांगितला.

मामांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवत म्हणाले, ‘‘पोरी, तुझं समदं खरं आहे. पण आम्ही पाच-सहा महिने फडात. ती कॉलेजला जाणार म्हणतेस, मग रात्रीची राहणार कुणाकडं? म्हातारी आता थकली. तरण्या पोरीला एकटं ठेवून मला तिथं झोप लागत नाही. बापाला घाई कशाची असते, ते पण लिही की.’’

मुलगी गप्प झाली. तिच्या निबंधात ज्याला ‘अज्ञान’ म्हटले होते, ते समोर बसले होते आणि ते अज्ञान नव्हते. ती काळजी होती. तिच्या दीड पानांत या काळजीला एक ओळसुद्धा नव्हती. म्हणजे ज्या माणसाला पटवायचे, त्याच्यासाठी तो निबंध लिहिलेलाच नव्हता.

‘‘दादा, तू म्हणतोस ते बरोबर आहे,’’ आई म्हणाली. ‘‘पण आपल्या आबांनाही माझी काळजीच होती.’’ यावर कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने बाईंना विचारले, बाईंनी मुख्याध्यापकांना. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली आहे, मुलींसाठी वेगळी वसतिगृहे त्यात आहेत, ही माहिती तिथे मिळाली. जागा मर्यादित असतात आणि अर्ज वेळेत करावा लागतो, हेही कळले. संध्याकाळी तिने शेवटचा परिच्छेद लिहिला. ज्या आईवडिलांना लग्नाची घाई असते त्यांच्यातल्या अनेकांना मुलगी नकोशी नसते, तिला सुरक्षित ठेवायला दुसरी जागा त्यांच्यापाशी नसते. म्हणून समाज जागा व्हावा असे नुसते म्हणण्यापेक्षा, फडावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलींना गावाजवळ वसतिगृह मिळावे, अशी मागणी तिने केली. ‘एका दिवसात नष्ट होईल’ हे वाक्य तिने स्वतःच खोडले.

मामा निघण्याआधी तिने त्यांना तेवढाच परिच्छेद वाचून दाखवला. मामांनी होकार दिला नाही, स्थळ परत पाठवतो असेही म्हटले नाही. चपला घालता घालता त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला,

‘‘त्या हॉस्टेलचा फारम कुठं मिळतो म्हणालीस?’’